वच्छला अन् डोक्यावरची विमानं

माझी बायको वच्छला फार भित्री होती. हे मी पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण ती गेल्यावर बसायला आलेला एकेक माणूस मला सांगून गेला की बाई मोठी धीराची होती. माणूस मेलं की लोक काहीही बोलतात. सगळा संसार तिच्याबरोबर मी केला, त्यांनी नाही. तिला गॅसच्या टाकीचं भेव, पाण्याच्या मोटारीच्या बटणाचं भेव, लेकरं बोरं खायला लागली की बी घशात अडकायचं भेव. सुई हरवली तर ती सापडेपर्यंत घरात कोणाला पाय टेकू द्यायची नाही. घरातलं माणूस गावाला निघालं की ते पोहोचल्याची खबर येईपर्यंत झाडू मारायचा नाही, हे तर सगळ्याच बाया पाळतात. पण ही खबर आल्यावरही विचारायची, "खरंच पोचला का? त्याचाच आवाज होता ना?"

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला मला वेळ लागतो. आता वेळच वेळ आहे.

तिची भीती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. डोळ्याला दिसलं की तोंडातून बाहेर पडायचं. आमचं घर चिखलीजवळच्या उंद्री गावात, रस्त्याला लागून, एसटी थांबते त्याच्या बाजूला. दिवसभर गाड्या. ओट्यावर बसून शेंगा सोलायची, तांदूळ निवडायची, पण लक्ष सगळं रस्त्यावर. कोणी मोटरसायकलचं स्टँड वर न घेता निघाला की हातातलं टाकून उभी राहायची.

"ओ भाऊ! स्टँड! स्टँड खाली हाय तुमचं!"

मागं बसलेल्या बाईचा पदर लोंबत असला की, "ओ बाई, पदर आवरा, चाकात जाते!"

कोणी हात जोडायचं, कोणी हसायचं. एकदा एक पोट्टा गाडी थांबवून म्हणाला, "काकू, तुमी पोलिसात काऊन नाई भरती झाल्या?"

"तुह्या मायनं घरून निंगताना सांगतलं असतं तं मले वरडा लागलं नसतं. हासतो काय रे? घे पयले वर!"

गावानं तिचं नाव स्टँडवाली काकू पाडलं. तिला राग नव्हता त्याचा. ती म्हणायची, नाव पडलं तर पडलं, पोट्टं तर नाही पडलं.

माझा डावा पाय आखूड आहे. तो तिच्यामुळं. हे मी तिच्या तोंडावर हजारदा म्हटलं आहे, आता मागं म्हणतो असं नाही. त्या वेळी मी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर होतो. कडब्यानं भरलेली ट्रॉली घेऊन गावात येत होतो, मी वर कडब्यावर उभा. गावात शिरताना विजेची तार रस्त्यावर झोळ पडून लोंबत होती. रोजची तार. मला ती दिसत होती, मी वाकणारच होतो. वच्छला ओट्यावर पाखडत होती. तिनं सूप फेकलं अन् ओरडली, "अवो, तार!" मी तार सोडून तिच्याकडं पाहिलं. तोल गेला अन् मी गिट्टीवर आलो. तार वरच्या वर राहिली.

त्यावर आमचं भांडण कधी संपलं नाही.

"मले दिसत होती तार," मी म्हणायचो.

"दिसत होती तं वाकले काऊन नाई?"

"वाकूनच राह्यलो होतो. तू मधात वरडली."

"मी वरडली नसती तं कोळसा झाले असते. पाय आखूड हाय, मानूस तं हाय ना घरात? तो कोनामुळं?"

आमची पोरगी प्रज्ञा या भांडणातच मोठी झाली. लहानपणी ती दोघांच्या मधात बसून जेवायची अन् म्हणायची, "बाबाचं बी बरोबर हाय, मायचं बी बरोबर हाय." तेव्हा आम्ही दोघंही तिच्यावर चिडायचो.

एकुलती एक पोट्टी. हुशार निघाली. अकोल्याला शिकली, परीक्षा देत गेली, अन् लांबच्या एका मोठ्या शहरात विमानतळावर लागली. गावाला आधी वाटलं हवाई सुंदरी झाली. मग वाटलं पायलट. कोणी विचारलं की वच्छला सांगायची, "थे इमानायले रस्ता सांगते. खुर्चीवर बसून." शेजारची एक बाई हसून म्हणाली, "म्हंजे वरची स्टँडवाली म्हना ना!" वच्छला त्यावर दिवसभर खूश होती. पोरगी विमानात बसत नाही, जमिनीवर बसते, याचं तिला फार समाधान होतं. जमिनीवरून कोण पडतं?

हे समाधान टिकलं हिवाळ्यापर्यंत.

आमच्या डोक्यावरून विमानं जातातच. एवढ्या उंचावरून जातात की आवाज मागून येतो, आधी नुसती पांढरी रेघ. आम्ही कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. पोरगी त्या कामाला लागल्यावर वच्छला पाहायला लागली. एक दिवस अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. एक रेघ इकडून आली, एक तिकडून. वच्छलाचे हात थांबले. रेघा जवळ आल्या, आणखी जवळ आल्या, अन् ती अशी किंचाळली की मला वाटलं साप निघाला. दोन्ही हातांनी डोळे झाकून खाली बसली. मी वर पाहिलं. आभाळात मोठी पांढरी फुली पडली होती अन् दोन्ही विमानं आपापल्या वाटेनं पुढं निघून गेली होती.

"गेले का?" ती डोळे न उघडता विचारत होती. "सांगा ना, गेले का?"

"गेले. चालले आपल्या रस्त्यानं."

तिनं लगेच प्रज्ञाला फोन लावला. प्रज्ञा हसली. "माय, एक वर होतं, एक खाली होतं. तुले खालून एकाच जागी दिसले. दोघाच्या मधात हजार फूट जागा असते."

"हजार फूट म्हंजे केवढं?"

"आपल्या दारापासून विहार हाय ना, तेवढं समज."

फोन ठेवला अन् ती चपला न घालता निघाली. विहाराच्या पायरीवर उभी राहून तिथून मला ओरडून विचारलं, "अवो, आयकू येते का?"

"येते!" मी म्हणालो.

परत आली तेव्हा तोंड पांढरं पडलेलं. "येवढंच? येवढ्यात तं मानसाचा आवाज पोचते. अन् त्या येवढाल्या इमानायले मधात येवढीच जागा? अन् थे जागा आपली प्रज्ञी सांभाळते?"

पोरगी जमिनीवर आहे म्हणून पडत नाही, पण दुसरे पडतात, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

पुढं प्रज्ञा सुट्टीवर आली तेव्हा तिनं मायची भीती घालवायला सगळं नीट सांगितलं. तिला वाटलं, समजलं की भेव जाईल. ती म्हणाली, बोळीतून दोन बाया डोक्यावर पाण्याचे गुंड घेऊन समोरासमोर आल्या की काय होते? ही डावीकडं सरकते तर तीही तिकडंच सरकते. मग दोघी उजवीकडं. तसं विमानाचं होऊ नये म्हणून दोन्ही विमानात एक यंत्र असते. टीकॅस म्हणतात त्याला. ती दोन यंत्रं एकमेकाला सारखी हाका मारत असतात. फार जवळ आले की आधी म्हणतात, जपा. तरी जवळच येत गेले तर आपसात ठरवून एक म्हणते वर जा, दुसरं म्हणते खाली जा.

"अन् दोघंही म्हनले मी वरच जातो, तं?" वच्छलानं विचारलं.

"नाई म्हनत, माय. आधी एकमेकाले इचारूनच बोलते."

"आपल्यापेक्षा बरे मंग," वच्छला माझ्याकडं पाहून म्हणाली. "अन् तवा तू काय सांगते त्यायले?"

"काईच नाई. यंत्र बोललं की इमानवाला मले कळवते, अन् मंग म्या गप्प राहाचं. माहा शब्द तिथून पुढं चालत नाई. मधात बोललं तं घोटाळा होते."

वच्छलानं हातातला चहाचा कप खाली ठेवला. "गप्प राहाचं? दोन इमानं एकमेकाच्या आंगावर जाऊन राह्यले, तुले दिसून राह्यलं, अन् तू गप्प?"

"हाव. नियमच हाय तसा."

"लय वाईट काम हाय बाई हे," वच्छला म्हणाली. त्या सुट्टीत तिनं पोरीला दोनदा विचारलं की शाळेवर मास्तरीण व्हायचं जमेल का.

प्रज्ञानं भेव घालवायला सांगितलं अन् भेवाला घर बांधून दिलं. विमान दिसलं की वच्छला त्याच्यासमोर दुसरं येतं का ते शोधायची. ते दिसेनासं होईपर्यंत चुलीवरचं उतू गेलं तरी हलायची नाही. मी रागावलो तर म्हणायची, "तुमाले काय, तुमाले कोनी इचारनार हाय का? लोकं मरन पावले तं पोट्टीले इचारतीन." खोटं कशाला बोलू, माझंही मग आवाज आला की हातातलं काम थांबायचं. तिचं भेव सर्दीसारखं होतं, एका घरात राहून लागल्याशिवाय राहत नव्हतं.

अन् मग एक दिवस प्रज्ञा न कळवता घरी आली. एसटीतून उतरली, हातात एकच बॅग. वच्छला ओट्यावर होती. तिनं पोरीचं तोंड पाहिलं अन् काही विचारलं नाही. हे मी पहिल्यांदा पाहत होतो, की हिनं काही विचारलं नाही. पाणी दिलं, भाकर टाकली, जेवू घातलं. प्रज्ञा अर्धी भाकर खाऊन थांबली अन् ताटाकडं पाहत बोलायला लागली.

एक विमान खाली येत होतं, एक आडवं चाललं होतं. आडवं जाणारं पुढं निघून गेलं असा तिचा हिशोब झाला. ते गेलं नव्हतं. तिच्या पडद्यावर दोन्ही विमानांची नावं लाल होऊन लुकलुकायला लागली. तिनं खाली येणाऱ्याला सांगितलं, लवकर आणखी खाली जा. त्याच वेळी त्याच्या विमानातल्या यंत्रानं त्याला सांगितलं, वर जा. तो पायलट क्षणभर काहीच बोलला नाही. मग त्यानं कळवलं की मी यंत्राचं ऐकतो आहे. तिनं तिथं गप्प बसायचं होतं. तिला नियम पाठ होता.

"अन् म्या पुन्हा म्हनलं, माय. खाली जा, खाली जा. माहं तोंड बंदच होईना."

मागं उभ्या असलेल्या साहेबानं तिच्या कानावरचं काढून घेतलं. पायलट तिचं न ऐकता वर गेला, दुसरा खाली गेला. दोन्ही विमानं एकमेकाच्या जवळून निघाली. विहाराएवढं अंतर नव्हतं त्यात. आपल्या अंगणाएवढं होतं, असं ती म्हणाली. आतल्या लोकांना पोटात थोडं हललं असेल. कोणी बिस्किट खात असेल, कोणी झोपलं असेल. त्यांना कळलंही नाही.

मला ताट दिसेनासं झालं. तार आठवली, दुसरं काय.

"उतरले का लोकं?" वच्छलानं विचारलं.

"उतरले."

"सारे?"

"सारे, माय."

"मंग झालं. राह्य घरी."

प्रज्ञाला खुर्चीवरून उठवलं होतं. चौकशी चालली होती. चौकशीनंतर पुन्हा शिकवणार होते, परीक्षा घेऊन परत बसवणार होते. त्यात नवल नाही, असं सगळ्यांचंच होतं, असं साहेब म्हणाला होता. पण प्रज्ञाचं ठरलं होतं की परत जायचं नाही. वच्छलानंही ते ऐकून मान हलवली. ते दिवस वच्छलाचे फार सुखाचे गेले, हे मी खरं लिहितो. विमान डोक्यावरून गेलं तरी ती मान वर करायची नाही. वरचं जे आहे ते आता दुसऱ्याच्या पोरीकडं. पोरगी समोर बसलेली, तिला धिरडी कर, शेवया कर. घरात लग्न असल्यासारखं. फक्त प्रज्ञा बोलत नव्हती. विचारलं तर हाव, नाही. मीठ कमी असलं तरी सांगायची नाही.

बाजाराच्या दिवशी दोघी मायलेकी भाजी आणायला गेल्या. मी रस्त्याच्या अलीकडं चहाच्या दुकानात बसलो होतो. त्या परत येताना एसटी थांबलेली होती, तिच्या पुढून वच्छला रस्त्यावर उतरली, पिशवी हातात. प्रज्ञा तिच्या मागं चार पावलांवर. एसटीच्या आडून एक मोटरसायकल जोरात येत होती. वच्छलाला ती दिसत नव्हती. प्रज्ञाला दिसत होती. प्रज्ञाचं तोंड माझ्याकडं होतं, मी सगळं पाहिलं. तिचं तोंड उघडलं. हात अर्धा उठला. आवाज निघाला नाही. मी ओरडलो, पण एसटीच्या भोंग्यात माझा आवाज कुठं गेला काय माहीत. हँडल पिशवीला लागलं अन् वच्छला फिरून गिट्टीवर पडली. वांगी रस्ताभर.

मोटरसायकलवरचा पोट्टा गाडी थांबवून धावत आला. "काकू, लागलं का? दिसल्याच नाई तुमी मले!"

वच्छला कोपरातलं रक्त पाहत उठून बसली. त्याच्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. "स्टँड खाली हाय तुह्या गाडीचं," ती म्हणाली. "तसाच येऊन राह्यला कुठून?"

लोक हसले. मी हसलो नाही, कारण मी प्रज्ञाकडं पाहत होतो. ती तिथंच उभी होती, तोंड अजून उघडं.

घरी आल्यावर वच्छलाच्या कोपराला हळद लावली. प्रज्ञा दाराशी बसून रडत होती. "मले दिसत होती गाडी, माय. मले दिसत होती."

"मालूम हाय मले."

"आवाजच नाई निंगाला माह्या तोंडातून."

वच्छला कोपर धरून बसली होती. तिच्या तोंडावर जे भेव आलं होतं ते मी आधी पाहिलं नव्हतं. विमानाचं भेव निराळं होतं. हे समोर बसलेल्या पोरीचं होतं. मग ती बोलली. "तुह्या बापाले म्या हाक मारली, तं थो पडला. तू मले हाक नाई मारली, तं मी पडली. आता सांग, काय करावं मानसानं?"

प्रज्ञानं मान वर केली.

"मले काय मालूम काय करावं!" वच्छला म्हणाली. "मी काय शिकली हाय? पन तुह्या बापाचा पाय मोडला तवापासून मी तोंड शिवून बसली का? नाई ना बसली. तू जाय परत. थे परीक्षा काय हाय थे दे, अन् बस आपल्या जागेवर."

"अवं, राहू दे ना पोट्टीले घरी," मी मधात बोललो. "कायले पाठवून राह्यली? तूच तं म्हनत होती..."

"तुमी गप्प बसा. मले भेव नाई वाटत असं समजू नका कोनी. लय वाटते. माहा जीव पाण्यासारखा होते. पन हे उठली म्हून इमानं उडाचे थांबले का? हिच्या जागेवर आता कोन बसला असंन? कसा हाय, जेवला हाय का झोपला हाय, मले मालूम हाय का? हिले तं मी ओळखतो. हे बसली तठी तं मी निदान हिले ओळखतो."

प्रज्ञा लगेच गेली नाही. पण दोन दिवसांनी जेवताना म्हणाली, "माय, भाजी खारट झाली." वच्छला उठून आत गेली अन् पदरानं डोळे पुसून बाहेर आली.

प्रज्ञा गेली. पुन्हा शिकली, परीक्षा दिली, बसली. तिनं फोनवर सांगितलं तेव्हा वच्छला म्हणाली, "बरं झालं, बाई. जपून सांगजो." अन् फोन ठेवून भिंतीला टेकून बसली. आधी पोरगी आपल्या मनानं गेली होती. या वेळी हिनं पाठवली होती. आता काही झालं तर ते पोरीच्या तोंडून होईल, पण पाठवलं हिनं. हे तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही, पण मला काय कळत नव्हतं?

तेव्हापासून तिचा एक नेम झाला. रोज प्रज्ञाला विचारायचं, उद्या ड्युटी कवाची. ती ड्युटीवर असेल तोवर घरात भांडण नाही, मोठ्यानं बोलणं नाही. उंद्रीतल्या भांडणानं तिथली विमानं कशी हलतील, असं मी विचारलं. ती म्हणाली, हलत नसतील, पण आपलं आपण जपावं. अन् घरचं वाईट काही तिला ड्युटीच्या आधी सांगायचं नाही. माझी साखर वाढली, सांगितलं नाही. पावसात मागची भिंत गेली, सांगितलं नाही. "खुर्चीवरच्या मानसाले घरचं सांगू नये. थे वरचं पाहीन का घरचं पाहीन?" असं तिचं म्हणणं. मला ते पटायचं. मीसुद्धा ट्रॉलीवर उभा राहिलेला माणूस आहे.

स्वतःच्या छातीत दुखत होतं, तेही तिनं सांगितलं नाही. पोरीलाच नाही, मलाही नाही. गॅस झाला म्हणून ओवा चावत होती. एक दिवस दुपारी ओट्यावरच वाकडी झाली. चिखलीच्या डॉक्टरनं पाहिलं अन् लगेच बुलढाण्याला न्यायला सांगितलं. गाडीत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. घामानं भिजली होती. घाटात गाडी वळली तेव्हा तिनं डोळे उघडले.

"आज प्रज्ञीची ड्युटी कवाची हाय?"

"दुपारची. बसली असंन आता."

"मंग तिले सांगू नका. उठल्यावर सांगजा."

"अवं, पन..."

"आयका. लोकायचे जीव असते तिच्या तोंडात. अशा टायमाले तिच्या कानात आपलं रडनं गेलं तं काय सांगंन थे त्यायले? वर का खाली?"

दवाखान्यात तिला काचेच्या खोलीत नेलं. नर्स बाहेर आली अन् म्हणाली, "बाबा, अजून कोन हाय तुमचं? बलावून घ्या." मी समजलो. प्रज्ञानं मला एक नंबर देऊन ठेवला होता. आत मोबाईल नेता येत नाही, तो बाहेर जमा करावा लागतो. म्हणून साहेबाच्या टेबलावरच्या फोनचा नंबर. घरी काही झालं तर बाबा यावर करजा, असं तिनं चारदा सांगितलं होतं. तो नंबर माझ्या फोनमध्ये होता.

मी तो लावला नाही. उन्हं उतरली तेव्हा वच्छला गेली. त्यानंतर प्रज्ञाचाच फोन आला. ती नुकतीच ड्युटीवरून उठली होती. "बाबा, माय फोन काऊन नाई उचलत?" मी सांगितलं.

ती आली. सगळं होईपर्यंत माझ्याशी काही बोलली नाही. लोक गेल्यावर माझ्यासमोर बसली. "मले काऊन नाई सांगतलं?"

"तुह्या मायनं नोको म्हनलं. तू खुर्चीवर होती."

"बाबा, तठी मी एकटी नसतो बसून! मागं दुसरे असते. साहेबानं मले एका मिनिटात उठवलं असतं. दुसरा बसला असता माह्या जागेवर. कोनाचं काई बिघडलं नसतं. मायचा आवाज तं आयकला असता मी!"

ड्युटीच्या मधातच असं उठता येतं, ते मला माहीत नव्हतं. वच्छलालाही माहीत नव्हतं. एवढं सगळं विचारलं तिनं, हजार फूट किती, कोण पहिले बोलते, पण हे विचारायचं राहिलं. आम्हाला वाटायचं, आभाळ सगळं तिच्या एकटीच्याच तोंडावर आहे.

प्रज्ञा परत कामावर गेली. रोज फोन करते. जेवण विचारते, साखर विचारते. त्या दिवसाचं काढत नाही. मीही काढत नाही. विमानाचा आवाज आला की मी मान वर करतो अन् समोरून दुसरं येतं का ते पाहतो. आता घरात दुसरं कोणी नाही पाहायला.

त्या दुपारचं एक मी प्रज्ञालासुद्धा सांगितलेलं नाही. नर्स बोलून गेल्यावर मी काचेजवळ गेलो होतो. फोन माझ्या हातात होता, साहेबाचा नंबर काढलेला, अंगठा त्यावर. मी लावणार होतो. वच्छलाचं सांगणं मी मोडणार होतो, कारण मला एकट्याला तिथं उभं राहवत नव्हतं. मी काचेतून आत पाहिलं तर ती माझ्याकडंच पाहत होती. तोंडावर ते वारा देणारं लावलेलं, बोलता येत नव्हतं. तिच्या डोळ्यांत एवढं भेव मी साऱ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं सुई टोचलेला हात उचलला, तळवा खाली केला अन् हवेत हळू दाबला. मी फोन तसाच धरून उभा. तिनं पुन्हा दाबला. नळी हलत होती, तरी दाबतच राहिली. मी फोन खिशात टाकला, अन् खिशातून हात रिकामा बाहेर काढून तिला दाखवला. तेव्हा तिनं आपला हात चादरीवर ठेवला.